मास्तरीण ट्रालीत चढत नाही

सावली गावाच्या मागच्या अंगाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे तलावाची धाकटी बहीण. धानाला पाणी देते, म्हशींना डुंबू देते आणि मार्च उजाडला की निमूटपणे आटून जाते. या बोडीच्या काठाला इसरूचं घर आहे आणि घरामागच्या कोठ्यात एक पांढरी घोडी आहे, मास्तरीण. नाव इसरूनंच ठेवलं. विकत आणली त्या दिवशी ती मान ताठ धरून, कोणाकडे ढुंकूनही न बघता अख्ख्या सावलीतून चालत आली, तेव्हा इसरू म्हणाला होता, "हे तं शाळेतली मास्तरीण दिसते! आपल्यालेच शिकवन."

एके काळी आपल्याकडचे नवरदेव बैलगाडीतून जात आणि लग्नं लागतही होती. पण आता घोडी नसेल तर नवरदेवाची मान खाली जाते, आणि डीजे नसेल तर मामाची. त्यामुळे माघापासून वैशाखापर्यंत मास्तरणीला फुरसत नसे. इसरूनं जुनी कमांडर जीप घेतली होती. तिच्यामागे लावायला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एक दोनचाकी ट्राली बनवून घेतली होती. बाजूंना लोखंडी पत्रा, समोर जाळी, मागे खाली पाडायचा लाकडी फळका. तो फळका जमिनीला टेकवायचा आणि त्यावरून घोडीनं आत चालत जायचं. बँडवाला लटारू लग्नं ठरवायचा आणि इसरू घोडी पोचवायचा. जोडी वर्षानुवर्षं जमलेली होती.

"माह्या नवऱ्याले तीन बायका," नीलाबाई चारचौघींत म्हणायची. "एक मी, एक मास्तरीण अन् एक खर्रा. पयला मान कोनाचा ते इचारू नोका."

बाहेरगावच्या माणसाला खर्रा काय ते सांगावं लागतं. इथल्या माणसाला तो पाळण्यातच कळतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, पन्नीचं तोंड पिळायचं आणि दोन्ही तळव्यांत धरून घोटत बसायचं, कर्रकर्र, कर्रकर्र. आमच्या वैनगंगेकाठच्या दोन जिल्ह्यांत हा आवाज इतका आहे की कोणाच्या कानाला तो लागतच नाही. बारशाला खर्रा, पंचायतीत खर्रा, तेरवीच्या मांडवात तर खर्रा आधी आणि दुःख मागून.

नीलाबाईला मात्र तो आवाज लागायचा. तिचा बाप खर्ऱ्यानंच गेला होता, गाल सडून. लग्न झाल्यापासून ती त्यावरून भांडत आली. भांडून भांडून एवढंच झालं की इसरू तिच्यासमोर खाईनासा झाला. आड जाऊन खायचा, तोंड धुऊन यायचा आणि निष्पाप चेहऱ्यानं भाकर मागायचा. घोडी ट्रालीत चढवायचं कामही तो अंगणात करत नसे. ट्राली बोडीच्या पाळीपलीकडे, म्हणजे मातीच्या बांधाआड, न्यायचा. तिथे उतार आहे, फळका जमिनीला नीट टेकतो, असं सांगायचा. नीलाबाईला ते पटलं होतं.

मग त्याच्या गालात गाठ आली. नागपूरला नेलं. अर्धा जबडा आणि बरीचशी जीभ कापून काढली, नाकातून पोटात नळी घातली आणि घरी पाठवलं. पावसाळ्यानंतर पुन्हा नेलं तेव्हा डॉक्टर बराच वेळ फिल्म बघत राहिले आणि म्हणाले, आता घरीच ठेवा. येताना एसटीत नीलाबाई खिडकीकडे बसली होती आणि इसरू तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. रस्ताभर ती रडली आणि त्याला हलू दिलं नाही.

घरी आल्यावर तिनं दारावर उभं राहून सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना बजावलं, "खर्रा घेऊन माह्या आंगनात पाय ठेवाल तं टंगड्या तोडीन." लोक भेटायला यायचे ते खिसे रिकामे करून. काहींनी येणंच सोडलं.

इसरूला आता बोलता येत नव्हतं. शाळेत तो गुरं राखून उरलेल्या वेळात गेला होता, त्यामुळे लिहिण्याचाही प्रश्न नव्हता. मागच्या पडवीत खाटेवर पडून तो कोठ्याकडे बघायचा. पण रोज सकाळी मात्र उठायचा. भिंत धरत, नळी सावरत कोठ्यापर्यंत जायचा, मास्तरणीच्या कपाळावर हात ठेवायचा आणि परत येऊन पडायचा. चार पावलांचं ते जाणं त्याचा सगळा दिवस खाऊन टाकायचं. तरी जायचा.

मुलगी दिव्यानी ब्रह्मपुरीला दिली होती. ती फोनवर म्हणायची, "आई, घोडी इकून टाक ना. तुले बाबाचं कराचं का घोडीचं कराचं?" मूल गावचा एक व्यापारी दोनदा येऊन दात बघून गेला होता आणि सोमवारी पुन्हा येणार होता. सगळ्यांचं बरोबरच होतं. मास्तरणीचं खाणं, नाल, औषध तिच्याच कमाईतून चालायचं, आणि ती लग्नांना गेली नाही तर तिला ठेवायचं कशावर? पण नीलाबाईच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. ज्या दिवशी कोठा रिकामा होईल, त्या दिवशी हा माणूस सकाळी उठणार नाही. नुसता पडून राहील आणि पडल्या पडल्या जाईल.

आधी पुतण्या निकेश इसरूबरोबर असायचा. तो खाणीवर ट्रक चालवायला गेला. पक्की नोकरी होती, कोण थांबेल? म्हणून लटारू जेव्हा म्हणाला, "वहिनी, रविवारी वैनगंगेपल्याड लग्न हाये, घोडी येत नसन तं मी मूलच्या घोडीवाल्याले सांगतो," तेव्हा नीलाबाई म्हणाली,

"मी आनतो."

"तुमी? एकल्या?"

"एकलीच. का बा, घोडीले माह्या साडीची लाज वाटन?"

लटारू हसला, पण पोटातून नाही.

जीप तिला येत होती. इसरू जेव्हा गडचिरोलीच्या रस्त्यावर सवाऱ्या नेत होता, तेव्हा त्यानं हौसेनं शिकवली होती. पण नुसती जीप चालवणं वेगळं आणि मागे ट्राली लावून चालवणं वेगळं. धान कापून मोकळ्या पडलेल्या बांधीत तिनं सराव सुरू केला. हुकात गोळा बसवायचा, वरून पिन मारायची, आणि पिनेवर विश्वास न ठेवता साखळीही लावायची. पुढे जाणं सोपं होतं. वळण मोठं घ्यायचं, बस. मागे घेताना मात्र ट्राली सासूसारखी वागायची. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जायची. घाईनं दुरुस्त करायला जावं तर जीपच्या कुशीत शिरून वाकडी व्हायची. शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांची चांगली करमणूक झाली. दोन दिवसांनी तिला युक्ती सापडली. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि ट्रालीला जिकडे न्यायचं तिकडे तो हात न्यायचा, थोडा थोडा. तिसऱ्या दिवशी तिनं ट्राली दोन पळसांच्या मधून मागे घेतली आणि म्हातारे कंटाळून घरी गेले.

घोडी भरण्याची शिस्तही तिला इसरूनंच शिकवली, खाटेवर बसून, हातांनी. घोडी आत गेली की आधी तिच्या मागचा आडवा बांबू लावायचा, मग तोंडाची दोरी बांधायची. उतरवताना उलट, आधी दोरी सोडायची, मग बांबू. क्रम चुकला आणि घोडी मागे रेटली तर मान मोडून घेईल. एकटं असताना तर हे विसरायचंच नाही. त्यानं स्वतःच्या मानेला हात लावून आणि डोळे फिरवून ते दाखवलं, तेव्हा दोघंही हसली होती. कित्येक महिन्यांनी.

सगळं झालं. आता फक्त मास्तरणीनं आत जायचं बाकी होतं.

मास्तरीण जाईना. पुढचे दोन पाय फळक्यावर ठेवायची, फळका पोकळ वाजायचा, आणि ती मागे सरायची. नीलाबाईनं गूळ दाखवला. मान लांब करून तिनं गूळ खाल्ला आणि पाय तिथेच ठेवले. भिजवलेले चणे झाले. डोळ्यांवर पोतं बांधून झालं. दोरी समोरच्या जाळीतून ओवून बाहेर घेतली आणि मागे राहून खेचली, तर मास्तरणीनं असा झटका दिला की दोरी नीलाबाईच्या दोन्ही तळहातांची साल घेऊन गेली. मग तिनं ट्राली बोडीच्या पाळीपलीकडे नेली, उतारावर. फळका छान टेकला. घोडी तिथेही चढली नाही.

तिनं निकेशला फोन लावला. "कसे चढवत होते रे तुये काका?"

"काई नाई जी काकू. ते ट्रालीत समोर जाऊन बसत, घोडी आपोआप त्याइच्या मांगं जाये. मी मांगून बांबू लावो."

"बसून काय करत?"

"काई नाई. बसत."

नीलाबाईही आत जाऊन बसली. मास्तरीण बाहेर उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात एवढा अपमान होता की नीलाबाईला तिथेच रडू आलं.

शुक्रवारी दुपारी तोच खटाटोप पुन्हा पडवीसमोरच्या अंगणात चालला होता. इसरू बघत होता. त्यानं खाटेच्या माचव्यावर हात आपटून तिला बोलावलं. नीलाबाई आली. घामानं चिंब झालेली, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. इसरूनं डावा तळवा समोर धरला आणि उजव्या हातानं त्यावर घोटल्यासारखं केलं. कर्रकर्र नव्हतं, पन्नी नव्हती, पण ती खूण या मुलखात दूध पितं पोरही ओळखेल.

"खर्रा?" नीलाबाई म्हणाली. "खर्रा पायजे तुमाले?"

इसरूनं मान हलवली, अंगणाकडे बोट केलं आणि पुन्हा तळव्यावर तळवा घोटला. घशातून काहीतरी आवाज काढला. नीलाबाईनं बोट पाहिलंच नाही. तिनं फक्त तळवा पाहिला.

"अर्धा जबडा नेला, जीभ नेली, तरी तलफ नाई गेली? मी इथी तुमच्या घोडीपाई हात सोलून राह्यलो, अन् तुमाले त्याची आठवन येऊन राह्यली?" तिचा आवाज चढत गेला. बोडीवरच्या बाया धुणं थांबवून ऐकू लागल्या. "माह्या बापाले खाल्लं त्यानं, तुमाले खाल्लं. आता मले खा म्हना! तिथीच आपरेशनच्या टेबलावर गेले असते तं मी सुटलो असतो!"

तोंडातून शब्द गेला. परत घेता येईल असा तो नव्हता, आणि त्या घडीला तिला तो परत घ्यायचाही नव्हता.

इसरूचे हात खाली आले. त्यानं नळी सावरत कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शनिवारी सकाळी तो उठला नाही. कोठ्यातून मास्तरीण खिंकाळली, तरी उठला नाही. नीलाबाईनं नळीतून पेज घातली ती त्यानं डोळे मिटून घेतली. खर्ऱ्यासाठी रुसला, तिनं मनाशी म्हटलं. रुसू दे. पण दिवसभर तिचं लक्ष लागेना. ज्या दिवसाला ती भीत होती तो कोठा रिकामा होण्याआधीच आला होता, आणि तो तिनंच आणला होता. हे तिला कळत होतं. फक्त कबूल होत नव्हतं.

रविवारी दिवस निघता निघता लटारू मोटरसायकलवर आला. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, आणि चेहरा बारा वाजल्यासारखा. बँड पुढे गेला होता. तो फक्त बघायला आला होता की घोडी चढते की मूलवाल्याला फोन करायचा.

"एक बार पाहा, वहिनी. नाई तं सोडून द्या. माही बी इज्जत हाये."

नीलाबाईनं मास्तरणीला फळक्यासमोर आणलं. दोन पाय वर, धाड, आणि मागे. पुन्हा दोन पाय वर आणि मागे. लटारू ट्रालीच्या पुढच्या बाजूला, जाळीला पाठ टेकून उभा होता. रस्त्याकडे बघत होता, घड्याळाकडे बघत होता. माणूस काळजीत पडला की त्याचे हात आपल्या धंद्याला लागतात. त्याच्याही नकळत त्याच्या खिशातून पन्नी निघाली आणि तो घोटायला लागला. कर्रकर्र, कर्रकर्र.

मास्तरणीचे कान ताठ झाले. तिनं मान वर केली, एकदा फुरफुरली आणि नीलाबाईच्या हातातली दोरी ओढत फळक्यावरून धाडधाड आत गेली. थेट जाळीपर्यंत गेली आणि नाक जाळीतून काढून लटारूच्या खांद्याची झालर हुंगू लागली.

"अवो, हे तं चढली!" लटारू दचकून वळला. मग स्वतःच्या हातातली पन्नी त्याला दिसली आणि नीलाबाईचा धाक आठवला. त्यानं ती घाईघाईनं खिशात कोंबली. "चुकलं, वहिनी. ध्यानातच नाई आलं."

नीलाबाई फळक्याशी उभी होती. आधी बांबू, मग दोरी. तिनं बांबू लावला. पुढे येऊन दोरी बांधली.

"लटारूभाऊ, हे बी असंच करत होते का? आत बसून?"

"कोन, इसरूभाऊ? हो ना. आत बसून घोटे, चिमूटभर तोंडात टाके, अन् मंग हिले गुळाचा खडा दे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

लटारूला खरंच आश्चर्य वाटलं. "त्याच्यात सांगासारखं काय हाये जी? घोटतेत तं सगळेच. आमाले वाटे, त्याले तलफ आली."

घोडीला गुळाचा खडा द्यायचा तो तिनं दिला. हातातून देताना तिला सगळं एकदम दिसलं. बोडीची पाळ, तिच्यापासून लपायला शोधलेला तो उतार, आणि शुक्रवारची दुपार. अंगणाकडे केलेलं बोट आता तिला दिसलं. जिभेवाचून, अक्षरावाचून तो माणूस दोन हातांनी तिचंच काम सोपं करू बघत होता, आणि तिनं त्याला मरून जा म्हटलं होतं.

ती पडवीच्या दारापर्यंत गेली. इसरू भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता की झोपला होता, कळत नव्हतं. बाहेर लटारू किक मारत होता. तिला जे बोलायचं होतं ते दाराशी उभं राहून एका वाक्यात बोलण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी बोलू, असं म्हणून तिनं शेजारच्या सोनीबाईला पेजेचं सांगितलं आणि जीप चालू केली.

रस्ता तिच्या ओळखीचा होता, पण मागे ट्राली असली की ओळखीचा रस्ताही परका होतो. प्रत्येक गतिरोधक दोनदा लागायचा, एकदा पोटाला आणि एकदा कानाला. मास्तरणीनं पाय बदलला की जीपची पाठ हलायची. व्याहाड गाव मागे पडलं. वैनगंगेच्या पुलावर खाणीचा ट्रक समोरून आला आणि त्याच्या वाऱ्यानं ट्राली डुलायला लागली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नीलाबाईचा पाय ब्रेककडे गेला आणि तिनं तो आवरला. ब्रेक मारला तर ट्राली जीपला ढकलून आडवी करील, हेही इसरूनं हातांनीच सांगितलं होतं. तिनं फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं. डुलणं हळूहळू थांबलं. पुलाखाली नदी वाळूला चिकटून वाहत होती. ट्रक गेल्यावर तिला भीती वाटली ती वेगळीच. आज मी इथे मेले तर तो जन्मभर समजेल की मी ते मनापासून म्हटलं होतं. आणि तोच गेला असेल तर?

लग्नघराची गल्ली अरुंद होती. ट्राली मागे घेऊन आत न्यायची होती. वऱ्हाडातला एक काका म्हणाला, "घोडीसंग बाई बी फुकट हाये का?" हात स्टेअरिंगच्या खाली धरून नीलाबाईनं ट्राली गल्लीत अशी घातली की काकाला स्वतःच भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. एरवी ती मनातून हसली असती. आज तिला काही वाटलं नाही. मास्तरीण छान चालली, तिनं आपला ताठ तोरा सोडला नाही. नवरदेव घाबरून तिच्या आयाळीला धरून बसला होता. लोक नाचले, अक्षता पडल्या, पंगती बसल्या.

परत निघताना लटारू पंगतीत होता. त्याला हाक मारली असती तर तो हात धुऊन आला असता आणि जाळीशी उभा राहून घोटू लागला असता. पण पुढच्या लग्नाला? त्याच्या पुढच्या? दर वेळी दुसऱ्याचा हात कुठून आणायचा? नीलाबाई चौकातल्या पानठेल्यावर गेली.

"एक खर्रा द्या. घोटू नोका, मी घोटतो."

"कोनासाठी, बाई?"

"माह्यासाठी."

ठेलेवाल्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि पन्नी दिली.

मास्तरणीला फळक्यासमोर उभं करून ती ट्रालीत शिरली आणि जाळीशी, गवताच्या पोत्यावर बसली. पन्नी तळव्यांमध्ये धरली. आयुष्यभर बघितलेलं काम, पण हाताला वळण नव्हतं. चिंध्या मधे येत होत्या, त्या तिनं सोडल्या. तंबाखूचा आणि चुन्याचा वास वर आला. बापाच्या उशीचा वास. नवऱ्याच्या सदऱ्याचा वास. तिनं श्वास धरला आणि घोटत राहिली. पन्नी फाटली, चुरा सालटलेल्या तळहातावर सांडला आणि चुना जखमेत गेला तसं डोळ्यांत पाणी आलं. तरी ती दोन्ही तळवे घासत राहिली.

फळका वाजला. मास्तरीण आत आली आणि तिनं नीलाबाईच्या खांद्याला नाक लावलं. गुळाचा खडा देऊन नीलाबाई घोडी आणि पत्र्यामधल्या फटीतून बाहेर निघाली, मागे गेली, बांबू लावला, मग पुढे येऊन दोरी बांधली. कोणाचा हात लागला नाही.

वाघाच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावरून अंधाराआधी निघायचं म्हणून ती कुठे थांबली नाही. हातही धुतले नाहीत. घरी पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सोनीबाई दाराशी बसली होती. तिचा चेहरा बघून नीलाबाई धावतच उतरली, पण सोनीबाई एवढंच म्हणाली, "पेज घेतली अर्धी. दिवसभर तसाच हाये, भिंतीकडे तोंड करून."

घोडी उतरवायलाही ती थांबली नाही. पडवीत जाऊन खाटेच्या काठावर बसली.

"चढली जी मास्तरीण," ती म्हणाली. "लग्न झालं. एकलीनंच भरून आनली."

इसरू हलला नाही.

"तुमी घोडीचंच सांगत होते ना? मले नाई समजलं. मी जे बोललो ते..." खालमानेनं तिनं चिंध्या नसलेल्या हातांकडे बघितलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

बऱ्याच वेळानं इसरूनं कूस बदलली. त्याचे डोळे खोल गेले होते, पण त्यांत राग नव्हता. त्यानं मान हलवली, होय, घोडीचंच. मग त्यानं हात उचलला. नीलाबाईला वाटलं, तो आपले डोळे पुसणार. पण त्यानं तिचा हात धरला, तळवा वर केला, सोललेल्या जागेवर चिकटलेला काळसर चुरा बघितला आणि तो तळवा हळूच आपल्या नाकाशी नेला. एका नाकपुडीत नळी होती. दुसरीनं त्यानं श्वास ओढला, डोळे मिटून, जितका ओढवेल तितका. पुन्हा एकदा ओढला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

त्या दुपारी त्यानं घोडीचंच सांगितलं होतं. आणि तलफही होती. दोन्ही खरं होतं, आणि आता भांडायला काही उरलं नव्हतं.

नीलाबाईनं हात काढून घेतला नाही. त्याचं मन भरेपर्यंत तशीच बसून राहिली. मग तिनं दुसरा हात पुढे केला.